मित्रवधाची कथा : ‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’

ज्यानें मारिलें त्यानेंच मृताचें चरित्र प्रसिद्ध करावें, असा योग वाङ्मयाच्या इतिहासांत क्वचितच येतो. अमेरिकेंतील न्यू मेक्सिको प्रांताच्या लिंकन परगण्याचा शेरीफ पॅट गॅरेट यानें १४ जुलै १८८१ रोजीं रात्रीं फोर्ट समनर येथें, पीट मॅक्सवेल नांवाच्या गृहस्थाच्या अंधाऱ्या खोलींत, बिली द किड या अवघ्या विशींतल्या फरारी दरोडेखोरास गोळी घालून ठार केलें. आणि पुढच्याच वर्षीं, १८८२ सालीं, त्या तरुणाचें ‘अस्सल’ म्हणविणारें चरित्र गॅरेटच्या नांवावर छापून निघालें. लेखणी बव्हंशीं अॅश अप्सन या त्याच्या पत्रकार मित्राची होती. पुस्तकाचा पूर्वभाग एखाद्या अद्भुत कादंबरीसारखा नटविलेला आहे. गॅरेट स्वतः कथेंत शिरला म्हणजे मात्र भाषेचा पिसारा मिटतो आणि साक्षीदाराच्या जबानीसारखा कोरडेपणा येतो. अंधारांत दबा धरून, समोरच्यास संधि न देतां मारलें, असा जो प्रवाद लोकांत उठला होता त्याला उत्तर देणें हाहि त्या पुस्तकाचा एक हेतु होता. पुस्तक खपलें नाहीं. प्रवादहि थांबला नाहीं.

या कथेवरील चित्रपटांची अमेरिकेंत कधींच वाण पडलेली नाहीं. किंग विडॉरचा १९३० चा, हॉवर्ड ह्यूजचा १९४३ चा, आर्थर पेनचा १९५८ चा, अशीं नांवें सांगतां येतील. आणि प्रत्येकानें आपापल्या काळाला मानवेल असा बिली घडविला आहे. सॅम पेकिन्पा या दिग्दर्शकानें १९७३ सालीं काढलेल्या ‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’ या चित्रपटाचें वेगळेपण आमच्या मतें असें कीं, त्याची दृष्टि मेलेल्यावर नसून मारणाऱ्यावर आहे. नांवांतहि गॅरेट आधीं येतो, बिली मागून. पुस्तकांत गॅरेटला जें सांगतां आलें नाहीं, किंवा सांगावयाचें नव्हतें, तें या चित्रपटाचें आख्यान आहे.

परंतु या कृतीविषयीं लिहूं जातां पहिली अडचण ही पडते कीं, चित्रपट म्हणजे नेमका कोणता? निर्मात्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीचे प्रमुख जेम्स ऑब्री आणि पेकिन्पा यांचें चित्रण चालू असतांनाच बिनसलें होतें. दिग्दर्शकाच्या हातून चित्रपट काढून घेण्यांत आला आणि मे १९७३ मध्यें तो १०६ मिनिटांचा होऊन लोकांपुढें आला. श्रेयनामावलींत एकूण सहा संकलकांचीं नांवें आहेत. एका कवितेवर सहा जणांनीं कात्री चालविली तर तिचें जें होईल तेंच येथें झालें. आरंभींची प्रस्तावना नाहींशी झाली आणि गोष्टीचा पायाच खचला. समीक्षकांनीं तेव्हां नाकें मुरडलीं यांत त्यांचा दोष थोडा. पुढें १९८८ सालीं, पेकिन्पाच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं, त्यानें प्रथम जुळविलेली १२२ मिनिटांची प्रत उजेडांत आली. २००५ सालीं ११५ मिनिटांची आणखी एक संपादित आवृत्ति निघाली, आणि २०२४ सालीं पुन्हां एक नवी. एका ग्रंथाच्या चार पोथ्या आणि चारींत पाठभेद, अशी ही स्थिति जुन्या काव्यांच्या अभ्यासकांस परिचित आहे. चित्रपटासारख्या कालच्या कलेलाहि ती इतक्या लवकर भोगावी लागावी याचें मात्र नवल वाटतें. येथें आम्ही १९८८ ची प्रत प्रमाण धरून लिहीत आहों.

कथा थोडक्यांत सांगतों, कारण ती थोडकीच आहे. गॅरेट आणि बिली एकेकाळचे सोबती. एके दिवशीं गॅरेट फोर्ट समनरला येतो आणि मद्यशाळेंत बसल्या बसल्या मित्राला कळवितो कीं, थोड्याच दिवसांत आपण लिंकन परगण्याचे शेरीफ होणार. तोंवर त्यानें मुलूख सोडून मेक्सिकोंत जावें. न गेल्यास त्याला घालविणें हें आपलें काम होईल. बिली जात नाहीं. तो पकडला जातो, फांशीची शिक्षा होते, दोन पहारेकऱ्यांस मारून तो लिंकनच्या तुरुंगांतून निसटतो. त्यापुढें सबंध चित्रपटभर गॅरेट त्याचा माग काढीत हिंडतो आणि शेवटीं मॅक्सवेलच्या घरीं त्याला ठार मारतो. रुडॉल्फ वुर्लित्झर या कादंबरीकाराची पटकथा याहून गुंतागुंतीची नाहीं. शेवट काय होणार हें नांव वाचतांच ठाऊक असल्यामुळें ‘पुढें काय’ ही उत्कंठा येथें निरुपयोगी ठरते, आणि ग्रीक नाटककारांप्रमाणें लेखकाला ‘कसें’ आणि ‘कां’ एवढ्यावरच लक्ष ठेवतां येतें.

इतिहासांत आणि चित्रपटांत जें अंतर आहे त्यांतील एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. गॅरेटचा जन्म १८५० चा. म्हणजे बिलीला मारलें तेव्हां तो एकतीस वर्षांचा होता. दोघांची फोर्ट समनरला ओळख होती हें खरें, पण जिवलग मैत्री होती याला पुरावा तोकडा आहे. पेकिन्पानें ही मैत्री दंतकथेंतून उचलली आणि वयें वाढविलीं. गॅरेटची भूमिका करणारा जेम्स कोबर्न त्या वेळीं चव्वेचाळिशींत होता, त्याच्या मिशांत पांढरें दिसतें. बिली झालेला क्रिस क्रिस्टॉफरसन छत्तिशींतला, थोराड आणि अंगानें किंचित् सुटलेला. एकविशीचा पोरगा म्हणून तो शोभत नाहीं, असा आक्षेप अनेकांनीं घेतला आहे. आम्हांस तो आक्षेप वरवरचा वाटतो. हा बिली ‘पोर’ राहिलेलाच नाहीं. ‘पोर’ हें नांव त्याला चिकटून राहिलें आहे, आणि त्या नांवाखालीं वय चोरपावलांनीं येऊन बसलें आहे हें त्याचें त्याला कळत नाहीं. गॅरेटला कळलें आहे. दोघांतील सगळा फरक एवढाच. मनुष्याच्या आयुष्यांत असा एक काळ येतो कीं, उद्यां काय होईल याचा विचार करीत बसण्याची त्याला इच्छा उरत नाहीं, अशा आशयाचें एक वाक्य गॅरेटच्या तोंडीं आहे. तें ऐकून आमच्या वयाच्या वाचकांस आपल्या परिचयाचीं दहा माणसें आठवतील. अकरावें आठवूं नये म्हणून ते घाईनें दुसरीकडे पाहतील.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. या चित्रपटाचा एक रूढ अर्थ असा लावला जातो कीं, बिली म्हणजे स्वातंत्र्य आणि गॅरेट म्हणजे कायदा. भांडवलवाल्यांच्या पैशानें माजलेला कायदा रानच्या पांखराला मारतो आणि आपण त्या पांखरासाठीं अश्रु ढाळावे. चित्रपट निघाला तें १९७३ साल व्हिएतनाम आणि वॉटरगेट यांचें होतें. सरकार या शब्दावरचा तरुणांचा विश्वास उडालेला होता. त्यांना हा अर्थ गोड वाटला असल्यास नवल नाहीं. परंतु चित्रपट डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्यास तो टिकत नाहीं असें आमचें मत आहे. बिली या चित्रपटांत किती जणांस आणि कसें मारतो तें पाहावें. तुरुंगांतील पहारेकरी बेल हा साधा, मवाळ स्वभावाचा मनुष्य. कैद्याशीं पत्ते खेळणारा. शौचकूपांत लपवून ठेवलेलें पिस्तूल हातीं आल्यावर बिली त्याच्यावर तें रोखतो. बेल पाठ फिरवून जिना उतरूं लागतो, पाठीमागून बिली आपल्याला मारणार नाहीं या भरंवशावर. बिली मारतो. पुढें अॅलॅमोसा बिल नांवाच्या, नाइलाजानें गॅरेटचा मदतनीस झालेल्या जुन्या ओळखीच्या माणसाशीं त्याची गांठ एका कुटुंबाच्या जेवणाच्या मेजावर पडते. जेवण संपतें, दोघेहि अंगणांत येतात, पाठीला पाठ लावून दहा पावलें मोजावयाचीं आणि मग वळून गोळी झाडावयाची असें ठरतें. बिली पावलें टाकीतच नाहीं. तो लगेच वळून बंदूक रोखून उभा राहतो. अॅलॅमोसा बिलहि प्रामाणिक नाहीं, तो आठ म्हणतांच वळतो. पण तोंवर उशीर झालेला असतो. हें सारें घरांतल्या मुलांच्या देखत. द्वंद्वयुद्धाच्या नियमांवर या जातीच्या चित्रपटांची सगळी इभ्रत उभी असते. तिला येथें जितक्या शांतपणें कांट मारलेली आहे तितकी आम्हीं दुसरीकडे पाहिलेली नाहीं.

मग अशा माणसाला मारलें तर गॅरेटचें काय चुकलें? हाच चित्रपटाचा मर्मभाग आहे. बिली निष्पाप असता तर गॅरेट नुसता खलपुरुष झाला असता आणि प्रेक्षकाची सुटका झाली असती. बिली वधास पात्र आहे. कायद्याचें म्हणणें शब्दशः खरें आहे. तरी पण त्याला मारण्याचा अधिकार या एका माणसाला नाहीं, असें आपलें मन सांगत राहतें. शोकान्तिकेला योग्य कृत्य तेंच कीं जें आप्तांच्या किंवा स्नेह्यांच्या हातून आप्तांवर घडतें, असें अॅरिस्टॉटलनें म्हटलें आहे. शत्रूनें शत्रूला मारलें तर वाईट वाटेल, पण त्यांत शोकान्तिकेचा गाभा नाहीं. या कसोटीस हा चित्रपट उतरतो. बिली इतर कोणाहि शेरीफाच्या हातून मेला असता तर ती पोलिसी बातमी झाली असती.

येथें ब्रूटसची आठवण होणें अपरिहार्य आहे. तोहि मित्राला मारतो. पण ब्रूटसपाशीं एक कारण आहे, आणि तें रोमइतकें मोठें आहे. तें खोटें असेल, पण तो तें अंतःकरणापासून खरें मानतो आणि चारचौघांत उभा राहून सांगतो. गॅरेटपाशीं असें कारणच नाहीं. देश, धर्म, न्याय, यांपैकीं एकहि शब्द तो उच्चारीत नाहीं. काळ बदलतो आहे आणि आपल्याला म्हातारें होईपर्यंत जगावयाचें आहे, एवढेंच त्याचें तत्त्वज्ञान. आमच्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर ‘मुद्राराक्षसा’चें घ्यावें. तेथें अमात्य राक्षस शेवटीं शत्रुपक्षाचें अमात्यपद पत्करतो, अधिकाराचें शस्त्र हातीं घेतो. कारण तें न घेतल्यास त्याचा मित्र चंदनदास सुळावर चढणार असतो. मित्राचे प्राण वांचावेत म्हणून तो आपली निष्ठा विकतो, आणि म्हणूनच त्या विक्रींत त्याचें थोरपण आहे. गॅरेटहि प्रतिपक्षाचा बिल्ला छातीवर लावतो. परंतु त्या बिल्ल्याची किंमतच मित्राचा प्राण ही आहे. विशाखदत्ताचें नाटक पालथें घातलें तर जी आकृति मिळेल ती ही. त्यांतहि गॅरेटचा अभिमान शिल्लक आहे हें त्याचें दुःख. गव्हर्नर लू वॉलेस याच्या वाड्यांत त्याला दोन धनिक भेटतात आणि बिलीच्या पकडण्याबद्दल हजार डॉलर देऊं करतात, त्यांतले पांचशें आगाऊ. गॅरेट अत्यंत कडवट शब्दांत ती रक्कम झिडकारतो. काम करावयाचें पण आगाऊ दाम घ्यावयाचा नाहीं, एवढ्या धाग्यावर तो आपली अब्रू टांगून ठेवतो. इतिहासांत वॉलेसनें पांचशें डॉलरांचें बक्षीस खरोखरीच लावलें होतें, आणि वॉलेस प्रांत सोडून गेल्यामुळें तें पदरांत पाडून घेण्यास गॅरेटला बरेच हेलपाटे घालावे लागले. अखेर १८८२ सालीं प्रांताच्या विधिमंडळाला त्यासाठीं कायदा करावा लागला. हा भाग चित्रपटांत नाहीं. असता तर बरें झालें असतें. जातां जातां सांगावयास हरकत नाहीं कीं, हा वॉलेस म्हणजे १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘बेन हर’ या गाजलेल्या कादंबरीचा कर्ता. साक्ष दिल्यास माफी देऊं असें त्यानें १८७९ सालीं बिलीला आश्वासन दिलें होतें आणि माफी कधींच मिळाली नाहीं.

मित्राच्या पाठलागाचा हा विषय पेकिन्पानें प्रथमच हाताळला असें नाहीं. १९६२ च्या ‘राइड द हाय कंट्री’ मध्यें दोन वृद्ध सोबत्यांपैकीं एक दुसऱ्याला फसवून सोनें लाटूं पाहतो आणि शेवटीं परत फिरतो. १९६९ च्या ‘द वाइल्ड बंच’ मध्यें डीक थॉर्नटन आपल्या जुन्या टोळीनायकाच्या मागावर निघतो. पण त्याच्या मागें तुरुंगाचा धाक आहे, न गेल्यास पुन्हां गजांआड. क्रम पाहा : पहिल्या चित्रपटांत पश्चात्ताप आहे, दुसऱ्यांत सक्ती आहे, तिसऱ्यांत दोन्हीं नाहींत. गॅरेटवर कोणी सक्ती केलेली नाहीं आणि पश्चात्तापानें तो परत फिरत नाहीं.

तो करतो काय, तर वेळ काढतो. बिली कोठें असेल हें त्याला बहुधा पहिल्यापासून ठाऊक आहे. तरी तो भलत्याच दिशांनीं घोडा घालतो. मागावर पाठविलेला पो नांवाचा तरुण मदतनीस या दिरंगाईकडे संशयानें पाहत राहतो. चित्रपट संथ आहे, रेंगाळतो, अशी जी तक्रार आहे तिचें उत्तर येथें आहे : रेंगाळतो तो गॅरेट, आणि चित्रपट त्याच्या घोड्याच्या चालीनें चालतो. या भटकंतींत त्याला भेटणारा जवळजवळ प्रत्येक मनुष्य जुन्या ओळखीचा आहे, थकलेला आहे, आणि थोड्याच वेळांत मरणार आहे.

त्यांतील शेरीफ बेकरचा प्रसंग इतका उत्कृष्ट आहे कीं त्यासाठीं आम्ही या चित्रपटाचे बाकीचे सगळे अपराध पोटांत घालावयास तयार आहों. बेकर हा एका ओसाड वस्तीचा म्हातारा शेरीफ. घराशेजारीं एक होडी बांधीत असतो. या मुलखांतून त्या होडींतून वाहत निघून जावयाचें, एवढीच त्याची आकांक्षा. गॅरेट त्याला ब्लॅक हॅरिसच्या टोळीवर चालून जाण्यासाठीं मदत मागतो. बेकर कां-कूं करतो. मग गॅरेट एक नाणें देतो आणि तो बंदूक घेऊन निघतो, बरोबर त्याची बायको, तीहि बंदूक घेऊन. चकमक होते. तिच्या बंदुकीचे बार अचूक लागतात. बेकरच्या पोटांत गोळी बसते. तो ओरडत नाहीं. दोन्हीं हातांनीं पोट धरून तो पाण्याकडे चालूं लागतो. नदीच्या कांठीं जाऊन टेकतो. बायको कांहीं पावलांवर थबकते, गुडघे टेकून बसते. जवळ जात नाहीं. संधिप्रकाश, पाणी, तिच्या गालांवरून ओघळणारे अश्रु, आणि त्याच्या चेहऱ्यावर मान डोलावून निरोप घेतल्यासारखा एक भाव. संवाद शून्य. स्लिम पिकन्स हा नट, एरवीं लोकांना हंसविणारा, येथें नुसत्या बसण्यानें आपल्याला गप्प करतो. आणि केटी जुराडो या मेक्सिकन अभिनेत्रीनें त्या दोन मिनिटांत एका संबंध संसाराचें सूचन केलें आहे. करुणरसाचा परिपोष विभावांच्या गर्दीनें होत नसून त्यांच्या काटकसरीनें होतो, याचें यापेक्षां चांगलें उदाहरण शिकविण्याजोगें नाहीं. होडी अर्धवटच राहते. गॅरेट हें दुरून पाहतो. त्याच्या नाण्यानें हें घडलेलें असतें.

याच जातीचा, पण रक्तपात नसलेला दुसरा एक प्रसंग आहे. संध्याकाळीं गॅरेट नदीकांठीं शेकोटी करून एकटाच बसला आहे. एक तराफा प्रवाहांतून वाहत येतो. त्यावर एक कुटुंब, बायकामुलें. कुटुंबप्रमुख पाण्यांत सोडलेल्या बाटलीवर नेम धरून गोळ्या झाडतो आहे. गॅरेट गंमत म्हणून त्याच बाटलीवर एक गोळी झाडतो. त्याबरोबर तराफ्यावरचा मनुष्य त्याच्याचवर बंदूक रोखतो, गॅरेटहि झाडाआडून नेम धरतो. एक क्षण जातो. दोघेहि बंदुका खालीं करतात. तराफा वळणाआड दिसेनासा होतो. कथेला याचा कांहींहि उपयोग नाहीं, म्हणून कंपनीनें तो गाळावयाचें ठरविलें होतें आणि पेकिन्पानें त्याच्यासाठीं भांडण केलें. तो बरोबर होता. विनाकारण मारणें किती सोपें आहे आणि विनाकारण न मारणें त्याहून किती सोपें आहे, हें गॅरेटला कोणी बोलून सांगितलें नसतें.

गीतसंगीत बॉब डिलनचें आहे. बेकरच्या मृत्यूसाठीं त्यानें रचलेलें ‘नॉकिन ऑन हेवन्स डोअर’ हें गाणें पुढें जगभर झालें. चित्रपट ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांनाहि तें तोंडपाठ असतें. पाठभेदाची गंमत अशी कीं, १९८८ च्या प्रतींत त्या दृश्यावर गाण्याची नुसती सुरावट आहे, शब्द नाहींत. १९७३ च्या प्रतींत शब्दहि आहेत. डिलन पात्र म्हणूनहि वावरतो. त्या पात्राचें नांवच ‘एलियस’, म्हणजे टोपणनांव. २०१६ सालचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या कवीच्या प्रतिभेविषयीं आम्हांस आदर आहे, परंतु येथें तो कशासाठीं आहे हें समजत नाहीं. तो बिलीच्या मागें मागें असतो, डोळे मिचकावतो आणि सुरी फेंकतो. एका दृश्यांत मात्र त्याचा फार चतुराईनें उपयोग केला आहे. गॅरेट एका दुकानांत बिलीच्या माणसांना गांठतो आणि एलियसला भिंतीशीं उभें करून, फळीवरील खाद्यपदार्थांच्या डब्यांवरचीं नांवें मोठ्यानें वाचावयास लावतो. तिकडे गॅरेट दुसऱ्या एकास मद्य पाजून पाजून चिथावतो व अखेर मारतो. इकडे शेंगांचें आणि भाज्यांचें पारायण चालू राहतें. हास्य आणि भयानक यांचा इतका विचित्र संगम क्वचित् साधतो.

दोष सांगितले पाहिजेत. पहिला, बिलीच्या परत फिरण्याचा. तो मेक्सिकोच्या वाटेला लागलेला असतो; वाटेंत पाको हा त्याचा वृद्ध स्नेही चिझम या गुरांच्या मालकाच्या माणसांनीं छळून मारलेला आढळतो, आणि म्हणून तो माघारीं येतो. पाको आपल्याला आधीं नीट भेटलेलाच नाहीं. त्यामुळें मरणाच्या वळणावर इतकें हलकें कारण ठेवल्यासारखें होतें. बिली हट्टानें, किंवा दुसरें कांहीं करतां येत नाहीं म्हणून परतला असता तर तें अधिक खरें वाटलें असतें. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. केटी जुराडोचा अपवाद वगळतां स्त्रिया येथें केवळ सोय म्हणून येतात. वेश्यागृहांतील लांबलेलें दृश्य, माहिती काढण्यासाठीं गॅरेटनें एका स्त्रीला मारलेल्या चपराका, हें सारें गॅरेटचा अधःपात दाखविण्यासाठीं आहे असा युक्तिवाद करतां येईल. परंतु दिग्दर्शकाचा कॅमेरा त्या अधःपाताला नाक मुरडीत नाहीं, त्यांत रमतो. पेकिन्पाच्या बहुतेक चित्रपटांवर हा डाग आहे आणि भक्तांनीं तो घासून निघणार नाहीं.

शेवटाकडे येऊं. मॅक्सवेलच्या अंगणांत गॅरेट रात्रीं पोंचतो. एक शवपेट्या करणारा सुतार कामांत असतो. गॅरेटनें देऊं केलेला घोट तो नाकारतो आणि एकदांचें काय तें उरकून टाक म्हणून त्याला आंत पिटाळतो. ही छोटी भूमिका स्वतः पेकिन्पानें केली आहे. नाटककार रंगभूमीवर येऊन आपल्याच पात्राला खून करावयास ढकलतो, हें धाडस आहे. आम्हांस तें आवडलें. आंत बिली मारिया नांवाच्या तरुणीजवळ आहे. गॅरेट ओसरीवरच्या झोपाळ्यावर थांबतो. घाई नाहीं. मग गोळी सुटते. बिली पडतो, आणि गॅरेटला समोरच्या आरशांत आपलें प्रतिबिंब दिसतें. दुसरी गोळी तो त्या प्रतिबिंबावर झाडतो. पो पुढें होऊन मृताचें चाप ओढणारें बोट स्मरणचिन्ह म्हणून कापूं पाहतो, तेव्हां गॅरेट त्याला लाथाडतो. पहांटेपर्यंत तो तसाच झोपाळ्यावर बसून राहतो. सकाळीं घोड्यावर बसून निघाला असतां एक लहान मुलगा मागून धांवत येतो आणि त्याला दगड मारतो. १९५३ च्या ‘शेन’ मध्यें निघून जाणाऱ्या नायकाला परत ये म्हणून साद घालणारा मुलगा ज्यांना आठवतो, त्यांना या दगडांचा नेम कोणावर आहे हें सांगावयास नको.

आणि आतां ती गाळलेली प्रस्तावना. चित्रपटाचा आरंभ १९०९ सालीं लास क्रूसेसजवळ होतो. म्हातारा गॅरेट बग्गींतून जात आहे. जमीन भाड्यानें देण्यावरून पोशीं त्याची बाचाबाची चालली आहे. आणि दबा धरलेले लोक त्याला गोळ्या घालतात. ज्या ‘सांता फे रिंग’च्या, म्हणजे राजकारणी आणि जमीनदलालांच्या ज्या टोळक्याच्या कामीं त्यानें बिल्ला लावला, त्यांच्याच माणसांकडून हें होतें असें चित्रपट सुचवितो. याच दृश्यांत १८८१ चें फोर्ट समनर मिसळलेलें आहे : बिली आणि त्याचे सोबती वाळूंत मानेपर्यंत पुरलेल्या कोंबड्यांचीं मुंडकीं नेमबाजीनें उडवीत आहेत. बंदूक १८८१ मध्यें उडते आणि १९०९ मध्यें गॅरेटचा देह हिसका खातो. त्यांतच तरुण गॅरेट तेथें पोंचतो, दुरून नेम धरतो, आणि त्याचीहि गोळी अठ्ठावीस वर्षें ओलांडून त्याच्याच अंगांत शिरते. आरशावरच्या गोळीचा अर्थ या आरंभावांचून निम्माच लागतो. हा भाग ज्या कात्रीनें उडविला तिनें चित्रपट सोळा मिनिटांनीं नव्हे, एका जन्मानें आखूड केला.

वास्तविक गॅरेट मेला तो २९ फेब्रुवारी १९०८ रोजीं. चित्रपटांत साल चुकलें आहे. मधल्या काळांत त्याची भरभराट झाली नाहीं. १९०१ च्या अखेरीस अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं त्याला एल पासो येथें जकात अधिकारी नेमलें, १९०५ नंतर ती जागाहि राहिली नाहीं. त्याच्या जमिनीवर शेळ्या चारण्यावरून वाद लागला होता. वेन ब्रेझेल नांवाच्या तरुणानें आत्मसंरक्षणार्थ मारलें असें सांगितलें आणि १९०९ सालीं न्यायालयानें त्याला सोडून दिलें. पो मात्र या खुनांत कोठेंच नव्हता. खरा जॉन पो गॅरेटच्या मागून लिंकनचा शेरीफ झाला. पेकिन्पानें त्याच्यावर हा आळ घातला हें इतिहासाच्या दृष्टीनें अन्यायाचें आहे आणि कथेच्या दृष्टीनें योग्य आहे. एका पिढीनें कायद्याच्या नांवावर केलेलें काम पुढच्या पिढीनें तिच्यावरच उलटवावें यासाठीं त्याला एक तरुण हवा होता.

ज्या वाचकांस हा चित्रपट पाहण्याची इच्छा होईल त्यांनीं आधीं १९८८ ची प्रत पाहावी. चित्रपट पाहून झाल्यावर बेकरचें तेवढें दृश्य १९७३ च्या प्रतींत, शब्दांसह गायिलेल्या गाण्याबरोबर, पुन्हां एकदां पाहावें. दोहोंत सरस कोणतें याविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत. आमचें मत बिनशब्दांच्या बाजूनें पडतें. नदी आणि ती बाई पुरेशी आहे.